जास्त कार्बन डायऑक्साइडमध्ये कुंडीतल्या पिकाला पाण्याचा ताण कसा द्यावा, कसा मोजावा

माझे दोन वाढकक्ष होते, म्हणजे हवा आणि उजेड ताब्यात ठेवून झाडं वाढवायच्या बंद खोल्या. एकात बाहेरच्या हवेइतका कार्बन डायऑक्साइड, दुसऱ्यात ६०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ६०० भाग. दोन्हींत गहू. पीक पोटरीत आल्यावर एकाच दिवशी दोन्हीकडचं पाणी तोडलं. नवव्या दिवशी साध्या हवेतल्या गव्हाने मान टाकली होती आणि ६०० मधला ताठ उभा होता. मी वहीत लिहिलं, 'जास्त कार्बन डायऑक्साइडमध्ये गहू ताण सोसतो.' कुंड्या रिकाम्या करताना हाताला लागलं की ६०० मधली माती अजून ओली आहे. त्या झाडांवर ताण बसलाच नव्हता. अख्ख्या हंगामाचा निष्कर्ष चुकीचा निघाला. असा प्रयोग पहिल्यांदा करणाऱ्याचा हंगाम वाया जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आधी झाडात काय होतं ते पाहू. पानावरचं बारीक छिद्र, म्हणजे रंध्र, उघडलं की कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्याच वाटेने पाण्याची वाफ बाहेर जाते. बाहेर वायू जास्त असेल तर रंध्र थोडं मिटूनही झाडाचं भागतं. मोकळ्या शेतात पिकाभोवती नळ्यांचं कडं लावून वायू सोडलेल्या प्रयोगांत, साधारण ५५० पीपीएमला, रंध्रांची वाहकता, म्हणजे त्यांतून वाफ किती सहज जाते ते, सरासरी पाचव्या हिश्श्याने घटलेली दिसते. म्हणजे पानाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे पाणी वाचतं. पण गहू, भात, सोयाबीन यांसारखी सी-३ पिकं त्याच वायूवर जास्त पानं काढतात, आणि पानं वाढली की वाचवलेलं पाणी तीच पानं पिऊन टाकतात. अमेरिकेत इलिनॉयमध्ये सोयाबीनवर आठ हंगाम असा प्रयोग चालला. कोरड्या हंगामांत जास्त वायूचा फायदा वाढेल अशी अपेक्षा होती, पण ताण वाढत गेला तसा तो फायदा नाहीसा झाला.

मका आणि ज्वारी ही सी-४ पिकं. ती पानाच्या आत वायू आधीच दाटवून ठेवतात, त्यामुळे आजच्या हवेतही त्यांचं प्रकाशसंश्लेषण जवळजवळ भरलेलं असतं. त्याच इलिनॉयच्या शेतात २००४ साली पाऊस चांगला होता, तेव्हा मक्याला जास्त वायूचा काहीच लाभ झाला नाही. जर्मनीत ब्राउनश्वाइगला २००८ साली मक्याला पाणी कमी दिलं, तेव्हा मात्र जास्त वायूतलं पीक सरस ठरलं. तिथे वायूने पाणी राखलं आणि राखलेल्या पाण्याने पीक तगलं. म्हणून 'जास्त वायूत पीक दुष्काळ सोसतं का' या प्रश्नाचे मी आता दोन तुकडे करते. मातीतलं पाणी किती दिवस पुरतं? आणि मातीत सारखंच पाणी उरलेलं असताना झाड कसं वागतं? दोन्ही प्रश्न खरे आहेत, पण दोघांना वेगळ्या कुंड्या लागतात.

पहिला सोपा. एकाच दिवशी पाणी तोडा आणि रोज वजन करा. दुसऱ्यासाठी थोडी खटपट आहे.

संध्याकाळी कुंडी पाणी खालून वाहेपर्यंत भिजवा, वरून झाका आणि रात्रभर निथळू द्या. सकाळी माती वाफशावर असते. ते वजन म्हणजे वरची मर्यादा. मातीच्या तोंडावर प्लास्टिक बांधून खोडापुरतं भोक ठेवा, नाहीतर मातीतून उडालेलं पाणी झाडाच्या नावावर चढेल. तरीही किती पाणी उडतं ते कळावं म्हणून झाड नसलेल्या एकदोन कुंड्याही तशाच झाकून ठेवा. खालची मर्यादा काढायला प्रत्येक कक्षातल्या दोन-तीन कुंड्यांचा बळी द्यावा लागतो. त्यांना पूर्ण वाळू द्या. त्यांचं रोजचं बाष्पोत्सर्जन, म्हणजे पानांतून उडणारं पाणी, भरपूर पाण्यातल्या झाडांच्या एकदशांशावर आलं की ते वजन टिपा. दोन वजनांतला फरक म्हणजे झाडाच्या हाती असलेलं पाणी. समजा वाफशाला कुंडी ९.४ किलो आणि शेवटी ७.० किलो भरली, तर झाडाच्या हाती २.४ किलो पाणी आहे. बऱ्याच पिकांत यातलं साधारण एक तृतीयांश उरलं की रंध्रं आवळायला लागतात. म्हणजे या कुंडीत खरा ताण ७.८ किलोच्या आसपास सुरू होईल, मग त्याला सहा दिवस लागोत की बारा.

आता दोन्ही कक्ष एकाच वेगाने वाळले पाहिजेत. मी कुंडीमागे रोज १०० ग्रॅमच घट होऊ देते. त्याहून जास्त पाणी गेलं असेल तर जास्तीचं गेलेलं पाणी मोजून परत घालते. वजन रोज एकाच वेळी, दिवे लागायच्या आधी. असं हळू वाळवण्याचा आणखी एक फायदा आहे. शेतात ताण आठवड्यांनी चढतो आणि झाडाला पेशींत साखर, पोटॅशियम वगैरे साठवून पाणी धरून ठेवायला वेळ मिळतो. कुंडी चार दिवसांत खडखडीत वाळवली तर तो वेळच मिळत नाही आणि आपण भलताच ताण मोजतो. झाड वाढतं तसं त्याचं स्वतःचं वजनही वाढतं, म्हणून दर आठवड्याला एखादं जादा झाड कापून ते वजा करा.

कुंडी मोठी घ्या. लहान कुंडीत मुळं कोंडली की पानात साखर साचते, प्रकाशसंश्लेषण मंदावतं, आणि आपण समजतो की झाडाला जास्त वायूची सवय झाली. चांगला नियम असा की दर लिटर मातीमागे झाडाचं सुकं वजन १ ग्रॅमच्या आत राहावं. दाणे भरेपर्यंत गहू वाढवायचा असेल तर हे जमत नाही. तेव्हा जेवढी मोठी कुंडी उचलून वजन करता येईल तेवढी घ्या.

वायूच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त त्रास झाला, म्हणून इथे जरा थांबते. दुसऱ्या वर्षी ६०० पीपीएमच्या कक्षात ओंब्या निसवल्या, पण हाताने दाबल्या तर आत दाणा नव्हता. मी उष्णतेला दोष दिला, ताणाला दिला. दोष सिलिंडरच्या वायूत मिसळलेल्या इथिलीन या दुसऱ्या वायूचा होता. इथिलीन अगदी थोडं असलं तरी गव्हाला वांझपण आणतं, आणि ते फक्त त्याच कक्षात जात असल्याने दोष कार्बन डायऑक्साइडचाच वाटतो. आता वायू पोटॅशियम परमँगनेट चढवलेल्या गोळ्यांमधून नेते. गोळ्या जांभळ्याच्या तपकिरी झाल्या की बदलायच्या.

कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या स्वस्तातल्या अनेक संवेदकांत (सेन्सरमध्ये) आपोआप दुरुस्तीची सोय असते. गेल्या काही दिवसांतलं सगळ्यात कमी वाचन म्हणजे बाहेरची ४०० पीपीएमची हवा, असं तो संवेदक धरून चालतो. खोलीत ठेवला तर ठीक. पण कायम ६०० असलेल्या कक्षात तो हळूहळू ६०० लाच ४०० म्हणू लागतो आणि नियंत्रक वायू सोडतच राहतो. ही सोय पहिल्याच दिवशी बंद करा आणि दर आठवड्याला माहीत असलेल्या वायूवर संवेदक तपासा. कक्षात वाकून काम करताना श्वासाचंही भान ठेवा, आपल्या उच्छ्वासात सुमारे ४०,००० पीपीएम असतात. सिलिंडर ठेवलेली खोली खेळती हवी. आठ तासांच्या कामाला ५००० पीपीएम ही मर्यादा मानतात.

कक्ष दोनच असतील तर दर आठवड्याला झाडांची आणि वायूच्या पातळीची अदलाबदल करा. एका कक्षाचा पंखा जोरात फिरतो, दुसऱ्याचा दिवा मंद असतो, आणि वीस कुंड्या असल्या तरी कक्ष एकच असतो. शक्य असेल तर सगळा प्रयोग पुन्हा करावा.

मोजमापांत पहाटेचा जलविभव, म्हणजे पानातलं पाणी किती ओढलेलं आहे त्याचं माप, मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. दिवे लागायच्या आधी पान कापून दाबकक्षात, म्हणजे दाब देऊन देठातून पाणी कधी बाहेर येतं ते दाखवणाऱ्या उपकरणात, घालायचं. रात्रभरात झाड आणि माती जवळजवळ एका पातळीला येतात, त्यामुळे मुळांना काय जाणवतंय ते कळतं. दाबकक्ष नसेल तर सापेक्ष जलांश काढा, म्हणजे पूर्ण फुगलेल्या पानाच्या मानाने किती टक्के पाणी पानात आहे ते. पानाचं ताजं वजन, पाण्यात ठेवून फुगल्यावरचं वजन आणि सुकं वजन घ्यायचं. ताज्यातून सुकं वजा करायचं, त्याला फुगीर वजा सुकं याने भागायचं आणि शंभराने गुणायचं.

पानाचं तापमान टाळू नका. रंध्रं मिटली की पान गार होत नाही. हवा २५ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असताना त्याच तापमानाच्या पानातून वाफ ओढणारा फरक १.२७ किलोपास्कल असतो. पान २६ अंशांवर गेलं की तो १.४६ होतो, म्हणजे १५ टक्के वाढ. रंध्रं मिटून वाचवलेल्या पाण्याचा बराच भाग पान तापल्यामुळे परत जातो. पंख्याच्या जोराच्या वाऱ्यात हे दिसत नाही, म्हणून वारा मध्यम ठेवा.

पाणी वापरण्याची कार्यक्षमता काढायला पानातल्या कार्बन-१३ चं (कार्बनच्या जरा जड प्रकाराचं) प्रमाण पाहायचं असेल तर एक खोच लक्षात घ्या. सिलिंडरचा वायू बहुतेकदा खनिज इंधनातून आलेला असतो आणि त्यात कार्बन-१३ हवेपेक्षा कमी असतो. दोन कक्षांतल्या पानांचे आकडे सरळ शेजारी ठेवले तर अर्थ निघत नाही. प्रत्येक कक्षात मक्याची एक-दोन झाडं वाढवा आणि त्यांच्या पानांवरून त्या हवेचा हिशेब लावा.

काढणीला ओंब्या, दाणे आणि दाण्याचं वजन वेगवेगळं घ्या. ताण फुलोऱ्यात बसला तर दाण्यांची संख्या घटते, नंतर बसला तर दाणा बारीक राहतो. दाणा जरूर तपासून घ्या. २०१४ साली अनेक शेतांतले प्रयोग एकत्र मांडले गेले, तेव्हा ५४६ ते ५८६ पीपीएममध्ये गव्हातलं झिंक (जस्त) ९.३ टक्के, लोह ५.१ टक्के आणि प्रथिनं ६.३ टक्के कमी आढळली. नुसतं उत्पादन मोजून थांबलं तर ही घट कधीच नजरेला येणार नाही. या तपासणीचे दाणे दळताना जस्त चढवलेली भांडी, चाळण्या आणि रबरी बुचं दूर ठेवा, त्यांतलं झिंक नमुन्यात उतरतं.