ॲक्शन-ॲडव्हेंचर गेमचे परीक्षण लिहिताना या चुका टाळा

‘ग्राफिक्स अप्रतिम, कथा भावस्पर्शी, लढाई मजेदार, दहापैकी नऊ.’ अशा धाटणीचे परीक्षण वाचून तो गेम आपण घ्यावा की नाही, हे कोणालाही ठरवता येत नाही. त्यातले एकही विधान खोटे नसेल, परंतु तीच चार विधाने दुसऱ्या कोणत्याही मोठ्या गेमला जशीच्या तशी लावता येतात. परीक्षकाने काय पाहिले, ते कोणत्या परिस्थितीत पाहिले आणि त्यावरून त्याचे मत कसे बनले, या तीन गोष्टी वाचकाला मिळाल्या, तर परीक्षकाशी असहमत होऊनही वाचक स्वतःचा निर्णय घेऊ शकतो. कन्सोलवरील (प्लेस्टेशन, एक्सबॉक्ससारख्या गेम खेळण्याच्या यंत्रांवरील) लोकप्रिय ॲक्शन-ॲडव्हेंचर गेमबद्दल लिहिताना होणाऱ्या बहुतेक चुका या तिघांपैकी एखादी गोष्ट गाळल्यामुळे होतात.

लढाईसाठी केवळ विशेषणे वापरणे

ही माझ्या मते सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. या प्रकारच्या गेममध्ये खेळाडूचा वेळ मुख्यतः जगात फिरण्यात आणि लढण्यात जातो, परंतु परीक्षणात लढाईच्या वाट्याला ‘वेगवान’, ‘जबरदस्त’, ‘थोडी कंटाळवाणी’ एवढेच शब्द येतात. कंट्रोलर हातात असताना नेमके काय घडते, हे त्यातून कळत नाही.

‘सेकिरो: शॅडोज डाय ट्वाइस’ (२०१९) या गेमचे उदाहरण घेऊ. त्यातील तलवारबाजी ‘अचूक वेळेवर अवलंबून आहे’ असे लिहिणे बरोबर असले, तरी अपुरे आहे. शत्रूचा वार पडण्याच्या क्षणी बचावाचे बटन दाबले की वार परतवला जातो आणि शत्रूचा तोल दाखवणारी पट्टी भरू लागते. ती पूर्ण भरली की निर्णायक वार करता येतो. मात्र शत्रूवरचा दबाव थांबला की ती पट्टी पुन्हा ओसरते, आणि त्याचे बळ जितके अधिक शिल्लक असेल तितक्या वेगाने ओसरते. म्हणून सुरुवातीला मागे हटत, सावधपणे खेळणाऱ्याची लढाई लांबत जाते, तर समोर उभे राहून वार परतवत राहणाऱ्याची लवकर संपते. घाबरून बचावाचे बटन भराभर दाबत राहिल्यास परतवण्यासाठी मिळणारा अवधी आणखी अरुंद होतो, म्हणजे भांबावलेल्या खेळाडूला हा गेम संयम शिकण्यास भाग पाडतो. एवढे लिहिले की आपल्याला हे आवडेल का, हे वाचकाचे वाचकालाच कळते.

२०१८ चा ‘गॉड ऑफ वॉर’ घेतला तर प्रश्न वेगळे होतात. तेथे कॅमेरा नायक क्रेटोसच्या खांद्यामागे अगदी जवळ ठेवलेला आहे, त्यामुळे मागून येणारा शत्रू दिसत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी क्रेटोसभोवती बाण उमटतात आणि सोबत असलेला मुलगा ओरडून सावध करतो. अनेक शत्रूंनी एकदम घेरल्यावर ही सोय पुरी पडते का, हे परीक्षकाने तपासून सांगितले पाहिजे. फेकलेली कुऱ्हाड परत बोलावताना ती हातात आदळते आणि त्याच क्षणी कंट्रोलर थरथरतो. या छोट्या क्रियेतले समाधान कशातून येते, हे आवाज, हालचाल आणि स्पंदन वेगवेगळे करून लिहिता येते.

आपल्या मसुद्यात लढाईचे वर्णन पोकळ वाटत असेल, तर एकच लढाई निवडावी आणि ती पुन्हा खेळावी. शत्रू वार करण्यापूर्वी कोणती खूण देतो, ती खूण पाहून प्रतिसाद द्यायला पुरेसा वेळ मिळतो का, सुरू केलेला वार मध्येच सोडून बाजूला होता येते का, वार लागल्यावर चित्र क्षणभर थबकते का आणि अरुंद जागेत कॅमेरा भिंतीत अडकतो का, या प्रश्नांची उत्तरे लिहून काढल्यावर विशेषणांची गरज आपोआप कमी होते.

येथेच एक सूक्ष्म घोटाळा होतो. ‘रेड डेड रिडेम्पशन २’ (२०१८) मध्ये नायकाच्या हालचाली जड आहेत. कपाट उघडणे, शिकार सोलणे, वळणे या प्रत्येक क्रियेला पूर्ण वेळ दिलेला आहे. बटन दाबल्यावर क्रिया सुरू होण्यास लागणारा उशीर आणि सुरू झालेली क्रिया संपण्यास लागणारा वेळ या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट बहुधा तांत्रिक असते, तर दुसरी रचनाकारांनी विचारपूर्वक ठरवलेली असते. दोन्हींना ‘कंट्रोल सुस्त आहेत’ या एकाच वाक्यात कोंबणारे परीक्षण वाचकाची दिशाभूल करते. त्या संथपणामुळे कंटाळा आला, असे म्हणण्याचा परीक्षकाला पूर्ण अधिकार आहे, मात्र कशाचा कंटाळा आला हे त्याने स्पष्ट करावे.

अवघडपणालाच गुण किंवा दोष ठरवणे

‘फार अवघड आहे’ ही तक्रार आणि ‘अवघड आहे म्हणूनच श्रेष्ठ आहे’ ही प्रशंसा, दोन्ही सारख्याच अपुऱ्या आहेत. महत्त्वाचा प्रश्न असा की, हरल्यावर का हरलो हे खेळाडूला समजते का. ‘सेकिरो’मध्ये साध्या बचावाने न अडणारा वार येण्यापूर्वी लाल रंगाचे चिन्ह उमटते. त्यामुळे मार खाल्ला तरी कारण कळते. याउलट, पडद्याबाहेरून आलेल्या बाणाने मृत्यू येत असेल आणि त्याची कोणतीही खूण मिळत नसेल, तर तो गेम सोपा असला तरी अन्यायकारकच ठरतो. हरल्यानंतर त्याच जागी परत पोहोचायला किती वेळ लागतो, हेही याच प्रश्नाचे अंग आहे. ‘ब्लडबोर्न’ २०१५ मध्ये आला तेव्हा प्रत्येक मृत्यूनंतरचा लोडिंगचा वेळ इतका लांब होता की तोच शिक्षा वाटे. पुढे पॅचद्वारे, म्हणजे प्रकाशनानंतर दिलेल्या दुरुस्तीद्वारे, तो कमी करण्यात आला.

कोणत्या पातळीवर खेळलो, हे तर सांगायलाच हवे. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ (२०२०) मध्ये शत्रूंची ताकद, साथीदारांची मदत, लपून राहण्याची सोय आणि मिळणारे साहित्य यांच्या पातळ्या वेगवेगळ्या निवडता येतात. त्यामुळे ‘गोळ्या कायम कमी पडतात’ हे विधान त्या निवडीशिवाय निरर्थक ठरते. याच गेममध्ये साठहून अधिक सुगम्यता पर्याय दिलेले आहेत. अंध किंवा कर्णबधिर खेळाडूंना, किंवा हातांच्या हालचालीवर मर्यादा असलेल्यांना गेम खेळता येईल की नाही, हे अशाच पर्यायांवर ठरते, आणि परीक्षणांत त्यांचा साधा उल्लेखही नसणे मला अतिशय खटकते. किमान उपशीर्षकांचा आकार मोठा करता येतो का, बटनांची जागा बदलता येते का आणि बटन सतत दाबण्याऐवजी एकदाच धरून चालते का, एवढे तपासायला काही मिनिटे पुरतात.

यंत्र, मोड आणि आवृत्ती यांचा उल्लेख गाळणे

‘सायबरपंक २०७७’ हा ॲक्शन रोल-प्लेइंग गेम १० डिसेंबर २०२० रोजी आला, तेव्हा प्रकाशनापूर्वी परीक्षकांना संगणकावरील आवृत्ती देण्यात आली होती. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या कन्सोलवर हा गेम किती मोडकळीस आलेल्या अवस्थेत आहे, हे ग्राहकांना खरेदीनंतरच कळले. आठवडाभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि जून २०२१ मध्येच परत घेतला. संगणकावर खेळून लिहिलेले मत प्रामाणिक असले, तरी जुन्या कन्सोलवर खेळणाऱ्याच्या ते उपयोगाचे नव्हते. म्हणून परीक्षणाच्या पहिल्या काही ओळींतच कन्सोलचे मॉडेल, चित्राचा मोड आणि गेमच्या आवृत्तीचा क्रमांक द्यावा.

मोडमुळे पडणारा फरक वरवरचा नसतो. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० स्थिर चित्रे, दाखवणाऱ्या आणि चित्राच्या दर्जाला प्राधान्य देणाऱ्या क्वालिटी मोडमध्ये प्रत्येक फ्रेम सुमारे ३३.३ मिलिसेकंद पडद्यावर राहते, तर वेगाला प्राधान्य देणाऱ्या, ६० फ्रेमच्या परफॉर्मन्स मोडमध्ये सुमारे १६.७ मिलिसेकंद. वार परतवण्याचा अवधी मोजक्या फ्रेमचा असतो, तेव्हा हा फरक हातांना लगेच जाणवतो. शिवाय फ्रेमची सरासरी संख्या योग्य असूनही त्या असमान अंतराने येत असतील, तर चित्र अडखळते. ‘ब्लडबोर्न’मध्ये ३० फ्रेमची मर्यादा असूनही हालचाल धक्के खाल्ल्यासारखी वाटते, ती याच कारणाने. अशा वेळी ‘फ्रेम रेट कमी आहे’ असे लिहिणे चुकीचे निदान ठरते.

कंट्रोल उशिरा प्रतिसाद देतात असे वाटले, तर गेमवर ठपका ठेवण्यापूर्वी कारणे क्रमाने वगळावीत. सर्वप्रथम टीव्हीचा गेम मोड चालू आहे का ते पाहावे, कारण इतर मोडमध्ये टीव्ही चित्रावर अधिक प्रक्रिया करतो आणि त्यामुळे उशीर वाढतो. हालचाल गुळगुळीत करणारी टीव्हीची सोय बंद करावी. त्यानंतर कंट्रोलर तारेने जोडून पाहावा, चित्राचा मोड बदलून तीच लढाई पुन्हा खेळावी आणि शेवटी, पूर्वी चांगला वाटलेला दुसरा एखादा गेम त्याच मांडणीवर चालवावा. तोही सुस्त वाटला तर दोष गेमचा नाही. चित्र फिकट किंवा अति काळोखे दिसत असेल, तर कन्सोलच्या सेटिंगमधील एचडीआर (उजेड-अंधारातला फरक अधिक ठळक दाखवणारे तंत्र) जुळवणी आणि गेममधील स्वतंत्र जुळवणी या दोन्ही केल्या आहेत का, ते तपासावे. गेम बंद पडणे किंवा शत्रू जमिनीत अडकणे असे दोष दिसताच कन्सोलच्या रेकॉर्डिंगच्या सोयीने ते जतन करावेत आणि ते पुन्हा घडवून आणता येतात का, हे पाहून मगच लिहावेत.

मुदतीच्या घाईत गेमची चव बदलून घेणे

मुक्त जगाचा, म्हणजे हवे तिकडे फिरता येणारा, गेम प्रकाशनाच्या दिवसापूर्वी संपवण्यासाठी परीक्षक मुख्य मोहिमेमागे धावतो आणि मग ‘जग रिकामे वाटते’ असे लिहितो. त्याउलट, प्रत्येक वस्तू गोळा करण्याच्या हट्टाने खेळणारा ‘तोचतोचपणा’ची तक्रार करतो. ‘द लेजेंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) मध्ये जगभर लपवलेल्या, गोळा करण्याच्या ९०० कोरोक बिया आहेत, परंतु शस्त्रे, धनुष्ये आणि ढाली ठेवण्याची जागा पूर्ण वाढवण्यासाठी ४४१ पुरतात. उरलेल्या बिया, खेळाडू कोणत्याही दिशेला गेला तरी त्याला काहीतरी सापडावे म्हणून पेरलेल्या आहेत. त्या सर्व शोधण्याचा कंटाळा आला, हा रचनेचा दोष म्हणून मांडणे योग्य नाही.

याच गेममधील तुटणाऱ्या शस्त्रांबद्दलचे मत सुरुवातीच्या तासांत बनवले तर ते बहुधा प्रतिकूल असते, कारण तेव्हा हाती फांद्या आणि गंजलेल्या तलवारी असतात आणि साठवणाची जागाही कमी असते. पुढे शस्त्रे मुबलक मिळू लागली की ‘हे आता वापरावे की राखून ठेवावे’ हा प्रश्न लढाईचाच भाग होतो. तरीही एखाद्याला ते आवडणार नाही, आणि ते मत ग्राह्य आहे. फक्त ते किती खेळून झाल्यावर बनले, हे त्याने नमूद करावे. गेम पूर्ण झाला नसेल तर तसे स्पष्ट लिहिण्यात कोणताही कमीपणा नाही.

प्रकाशकाने घातलेल्या अटींबद्दलही हेच म्हणावे लागेल. ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ नोव्हेंबर २०१४ मध्ये विक्रीला आला, तेव्हा परीक्षणे प्रसिद्ध करण्यावर प्रकाशकाने घातलेली बंदी विक्री सुरू झाल्यानंतर काही तासांनी उठली आणि त्यातील तांत्रिक दोषांची माहिती पहिल्या ग्राहकांना वेळेत मिळाली नाही. बंदी पाळणे परीक्षकाला भाग असते, परंतु प्रत कोणी दिली आणि कशाबद्दल लिहिण्यास मनाई होती, हे वाचकापासून लपवण्याचे कारण नाही.

कथा, तुलना आणि गुण

कथेचा सारांश परीक्षणात जितका लांबतो, तितकी परीक्षणासाठी जागा उरत नाही. पहिल्या एक-दोन तासांत उघड होणारी परिस्थिती सांगावी आणि पुढच्या घटनांऐवजी त्या कशा सांगितल्या आहेत याबद्दल लिहावे: संवाद चालता-फिरता घडतात की खेळ थांबवून, आणि कथेत हळवा असलेला नायक लढाईत शेकडो माणसे मारतो तेव्हा ही विसंगती गेमला जाणवते का. ‘अमुक गेमसारखा’ ही तुलना ज्याने तो अमुक गेम खेळलेला नाही त्याला काहीच सांगत नाही, म्हणून साम्य नेमके कशात आहे ते त्याच वाक्यात यावे.

गुण द्यायचेच असतील तर ते मजकूर पूर्ण झाल्यावर द्यावेत आणि इतरांच्या सरासरीकडे पाहून बदलू नयेत. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ प्रकाशित होताच, तो संपवणे शक्यच नव्हते इतक्या कमी वेळात, परीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर शून्य गुणांचा पाऊस पडला होता. त्यानंतर त्या संस्थेने वापरकर्त्यांच्या परीक्षणांसाठी प्रकाशनानंतर ३६ तास थांबण्याचा नियम केला.

पॅचनंतर जुने परीक्षण तसेच सोडणे

गेम बदलत राहतो. ‘स्टार वॉर्स जेडाय: सर्व्हायव्हर’ एप्रिल २०२३ मध्ये आला तेव्हा कन्सोलवरील परफॉर्मन्स मोड ६० फ्रेम टिकवू शकत नव्हता. सप्टेंबरमधील पॅचने त्या मोडमधून रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून उजेड व प्रतिबिंबे दाखवणारे, यंत्रावर भार टाकणारे तंत्र) काढून टाकले आणि खेळ सुरळीत झाला. ‘मिडल-अर्थ: शॅडो ऑफ वॉर’ (२०१७) मधील लूट बॉक्सचा (आत काय निघेल हे आधी न कळणाऱ्या, विकत घेण्याच्या पेट्यांचा) बाजार तर २०१८ मध्ये पूर्णपणे काढण्यात आला. या दोन्ही गेमची पहिल्या दिवशीची परीक्षणे त्या दिवसापुरती खरी होती, परंतु आज ती जशीच्या तशी वाचणाऱ्याला चुकीचे चित्र मिळते.

त्यावर उपाय म्हणून मूळ मजकूर गुपचूप बदलणे हे अधिक वाईट, कारण मग आधी काय म्हटले होते याचा माग राहत नाही. मूळ परीक्षण तसेच ठेवावे, वरच्या बाजूला तारखेसह आणि आवृत्तीच्या क्रमांकासह टीप जोडावी, आणि तीत पुन्हा किती भाग खेळून पाहिला, कोणती तक्रार दूर झाली व कोणती कायम आहे, हे लिहावे. केवळ पॅचची घोषणा वाचून अशी टीप लिहू नये. ज्या लढाईत चित्र अडखळले होते, तीच लढाई त्याच कन्सोलवर आणि त्याच मोडमध्ये पुन्हा खेळून पाहावी.