खेड्यातून थेट समुद्री गवताच्या संशोधनात: विदर्भातल्या पोरापोरींसाठी

बारावीच्या बायोलॉजीत पाण्यातल्या परागीभवनाचा छोटासा भाग आहे, त्यात व्हॅलिसनेरिया अन् झोस्टेरा अशी दोन नावं येतात, पोट्टे ती पाठ करतात अन् पुढच्या धड्याला लागतात. पण जरा थांबा तिथं. व्हॅलिसनेरिया आपल्या भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावात उगवतं, झोस्टेरा समुद्रात. समुद्री गवत, म्हणजे सीग्रास, हे शेवाळ नाहीये, त्याला खरी मुळं असतात, जमिनीतून आडवं पसरणारं खोड असतं, फुलं येतात, बी धरतं. अन् भारतात सापडणाऱ्या एन्हॅलस, थॅलॅसिया, हॅलोफिला ह्या जाती हायड्रोकॅरिटेसी कुळातल्या आहेत, म्हणजे आपल्या तलावातल्या हायड्रिला अन् व्हॅलिसनेरियाच्याच भाऊबंदकीतल्या. एन्हॅलसची नरफुलं सुटून वर येतात अन् पाण्यावर तरंगत मादीफुलापर्यंत जातात, अगदी व्हॅलिसनेरियासारखी.

"समुद्र कुठी अन् आपण कुठी" हे वाक्य मी अर्जुनी मोरगावच्या बाजूला इतक्या वेळा ऐकलंय म्हणून हे आधी सांगून टाकलं. जी पोरगी धानाच्या बांधीतलं तण नुसत्या पानावरून ओळखते तिच्याकडं ह्या कामाचं निम्मं कसब आधीच आहे, भरती-ओहोटी नंतर शिकता येते.

काम कशाचं असतं ते थोडक्यात सांगते. जगात सीग्रासच्या साधारण 60 ते 72 जाती मानतात, त्यातल्या भारतात पंधराच्या आसपास, अन् त्यांची मुख्य कुरणं म्हणजे मन्नारचं आखात, पाल्कची सामुद्रधुनी, कच्छचं आखात, लक्षद्वीप, अंदमान-निकोबार अन् ओडिशाचं चिलिका. समुद्रतळाच्या 0.2 टक्क्याहून कमी जागा व्यापून समुद्राच्या तळाशी दरवर्षी गाडल्या जाणाऱ्या सेंद्रिय कार्बनपैकी जवळपास 10 टक्के हे गवत गाडतं असा अंदाज मांडला जातो. ड्युगाँग नावाचा सस्तन प्राणी जवळजवळ फक्त ह्याच्यावरच जगतो, आपल्याकडं तो काहीशेच उरलाय, त्याच्यासाठी तमिळनाडूनं 2022 मध्ये पाल्कमध्ये 448 चौरस किलोमीटरचं देशातलं पहिलं ड्युगाँग संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केलं. लक्षद्वीपची गोष्ट तर प्रत्येकानं वाचावी अशी आहे, तिथं अगत्तीच्या खाजणात हिरव्या कासवांची संख्या इतकी वाढली की त्यांनी थॅलॅसिया चरून-चरून संपवत आणलं अन् त्याच्या जागी लवकर वाढणारं सायमोडोसिया आलं, मासे कमी झाले, अन् मासेमारांचा राग कासवांवर निघायला लागला. रोहन आर्थर, तेरेसा आल्कोव्हेरो, नचिकेत केळकर ह्या शास्त्रज्ञ मंडळींनी ते वर्षानुवर्षं मोजून पेपरमध्ये मांडलं. गुरं जास्त झाली की गायरानाचं काय होतं हे ज्यानं डोळ्यानं पाहिलंय त्याला हा पेपर इंग्रजीत असला तरी समजतो.

आता सुरुवात. कॉलेजची वाट न बघता तलावापासून सुरू करा, अन् हिवाळ्यात करा, कारण पावसाळ्यातला गढूळपणा तेव्हा बसलेला असतो. सीग्रास-वॉच नावाची एक पद्धत आहे, ऑस्ट्रेलियातून सुरू झालेली, जगभर वापरतात. त्यात 50 मीटरच्या तीन रेषा एकमेकींपासून 25 मीटरवर टाकतात, प्रत्येक रेषेवर दर 5 मीटरला 50 बाय 50 सेंटिमीटरची चौकट ठेवतात, म्हणजे एका रेषेवर 11 अन् एकूण 33 चौकटी, अन् प्रत्येक चौकटीत किती टक्के जागा गवतानं झाकली आहे, कोणत्या जाती आहेत, पानांची उंची किती, वर शेवाळ किती हे लिहितात. हेच तुम्ही नवेगाव बांधच्या काठावर किंवा गावच्या बोडीत करू शकता. चौकट प्लॅस्टिकच्या पाइपची नाहीतर बांबूच्या कमच्यांची, दोरीला दर 5 मीटरला गाठ, तलाव लहान असेल तर रेषा 20 मीटरच्या घ्या पण मग सगळीकडं तेवढ्याच घ्या. पाणी किती नितळ आहे ते बघायला स्टीलच्या झाकणाला काळे-पांढरे चार भाग रंगवून दोरीनं खाली सोडायचं अन् दिसेनासं झालं की खोली लिहायची, ह्याला सेक्की डिस्क म्हणतात अन् समुद्रावरही ह्याच तत्त्वाची तबकडी वापरतात. एकटं जाऊ नका, गाळात पाय रुततो, मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या कोणा जाणत्या माणसाला सोबत घ्या. त्यांच्याकडं प्रत्येक पाणवनस्पतीला वेगळं नाव आहे, कोणत्या गवतात कोणता मासा अंडी घालतो हे त्यांना माहीत असतं, ते त्यांच्याच शब्दात लिहून घ्या अन् ज्यानं सांगितलं त्याला विचारून त्याचं नावही लिहा. भंडारा-गोंदियात मनीष राजनकर अन् पतिराम तुमसरे ह्यांनी ढिवरांसोबत तलावात माजलेलं बेशरम नावाचं तण काढून देशी पाणवनस्पती परत लावल्या अन् मासे परत आणले, ते काम जमलं तर जाऊन बघा. पाण्याखालचं कुरण परत लावणं म्हणजे काय हे तिथं पायानं चालून समजतं, अन् पाल्कमध्ये बांबूच्या चौकटींना नारळाच्या दोरीनं सीग्रासची रोपं बांधून लावतात त्यामागचं तत्त्व काही फार वेगळं नाही.

ह्या सगळ्यात एक गोष्ट नीट डोक्यात ठेवा, ती म्हणजे उजेड. सीग्रासला जगायला पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचा सरासरी 11 टक्के तरी भाग लागतो, पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींना 1 टक्काही पुरतो. म्हणून नदीतून युरिया अन् गाळ आला की आधी बारीक शेवाळ माजतं, ते उजेड अडवतं अन् खालचं गवत मरतं. वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत अन् गोदावरी बंगालच्या उपसागरात, तिकडं अकोला-अमरावतीची पूर्णा तापीत जाऊन अरबी समुद्राला मिळते. आपल्या शेतातून वाहून गेलेल्या खताचा हा प्रवास माहीत असलेला माणूस किनाऱ्यावरच्या लॅबला खरंच हवा असतो.

बीएस्सीला मरीन बायोलॉजी नसली तरी काही बिघडत नाही, बॉटनी-झूलॉजी-केमिस्ट्री घ्या, नागपूर, अमरावती नाहीतर गोंडवाना विद्यापीठाचं कोणतंही बरं कॉलेज चालतं. बीएस्सीच्या तीन-चार वर्षांत मी म्हणेन दोनच गोष्टींवर जीव लावा, एक म्हणजे वनस्पती ओळखणं, फ्लोरा म्हणजे वनस्पती ओळखायचं पुस्तक उघडून त्यातली ओळखीची 'की' लावत जातीपर्यंत पोचणं, नमुना ट्रेमधल्या पाण्यात कागदावर तरंगवून हर्बेरियम म्हणजे वाळवलेला नमुना करणं, अन् दुसरं म्हणजे स्टॅटिस्टिक्स. आर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, सरकारच्या स्वयम पोर्टलवर कोर्स फुकट आहेत, तलावाच्या 33 चौकटींचा डेटा त्यात टाकून ग्राफ काढायला शिका. इकॉलॉजी म्हणजे जंगलात फिरणं असं समजून आलेली पोरं इथंच अडकतात, दिवसाचा बराच वेळ एक्सेलच्या रकान्यांसमोर जातो. इंग्रजी पेपर वाचायची भीती वाटत असेल तर आधी फक्त आकृत्या अन् त्याखालची वाक्यं वाचा, मग पद्धतीचा भाग, मग बाकीचं. असे दहा-बारा पेपर झाले की तेच-तेच शब्द परत येताना दिसतात.

एमएस्सीसाठी मात्र किनाऱ्याला जाच. गोवा विद्यापीठात मरीन सायन्सेस आहे, कोचीनच्या कुसाट विद्यापीठात मरीन बायोलॉजी, हे दोघं स्वतःची प्रवेश परीक्षा घेतात. पाँडिचेरी विद्यापीठाचं मरीन बायोलॉजी अंदमानात पोर्ट ब्लेअरच्या (आता श्री विजयपुरम) कॅम्पसला शिकवतात, त्याला सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा लागते, अन् अण्णामलाई विद्यापीठाचं परंगीपेट्टईचं केंद्र तर ह्या विषयातलं जुनं नाव आहे. मत्स्यविज्ञानाची वाट पण आहे, नागपूरला माफसूचं, म्हणजे पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं, मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथून पुढं मुंबईच्या सिफेत, म्हणजे केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत, जाता येतं. मला विचाराल तर मी पोर्ट ब्लेअर नाहीतर गोवा म्हणेन. अंदमानात कुरण दाराशी आहे, अन् गोव्यात दोना पावलाला एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, जिथं उंटवाले अन् जगताप ह्यांनी 1977 मध्येच मांडवीच्या खाडीतून हॅलोफिला बेकारीची नोंद केली होती. ही इवलीशी जात खारफुटीजवळच्या चिखलात वाढते, आययूसीएन ह्या जागतिक निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत असुरक्षित (व्हल्नरेबल) आहे, अन् पश्चिम किनाऱ्यावर तिच्यावर अजून भरपूर काम बाकी आहे.

शास्त्रज्ञाला इंटर्नशिपसाठी मेल कसा लिहायचा हे कोणी शिकवत नाही म्हणून इथं जरा सविस्तर लिहिते. "रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम व्हेरी पॅशनेट" असा एकच मेल पन्नास जणांना पाठवू नका, तो वाचलाच जात नाही. त्या माणसाचा एक पेपर पूर्ण वाचा अन् त्यातला तुम्हाला न समजलेला एक खरा प्रश्न विचारा, मग तीन ओळीत तुमचं तलावाचं काम सांगा, कुठला तलाव, किती चौकटी, कोणत्या जाती, काय दिसलं, सोबत एक ग्राफ जोडा, अन् शेवटी नेमकं काय पाहिजे ते लिहा, मे-जूनमध्ये सहा आठवडे डिझर्टेशन की नुसतं फील्डला मदत. मेल दहा-बारा ओळींच्या वर जाऊ देऊ नका. पंधरा दिवसात उत्तर नाही आलं तर एकदा नम्रपणे आठवण करा. राहण्या-खाण्याचा खर्च कोण देणार हे आधीच स्पष्ट विचारा, त्यात लाजायचं काही नाही, उलट न विचारता गेलेल्या पोरांचे हाल मी पाहिलेत. एनआयओशिवाय कोचीचं सीएमएफआरआय (समुद्री मासेमारीची केंद्रीय संशोधन संस्था) अन् त्याचं मंडपमचं केंद्र, चेन्नईचं एनसीसीआर अन् एनसीएससीएम (किनाऱ्यावर काम करणारी दोन राष्ट्रीय केंद्रं), तुतिकोरीनचं सुगंती देवदासन संस्थान, पाल्कमधलं ओमकार फाउंडेशन, मैसूरचं नेचर कन्झर्वेशन फाउंडेशन, देहरादूनच्या वन्यजीव संस्थेचा ड्युगाँग प्रकल्प, इतक्या ठिकाणच्या जाहिराती अन् पेपर बघत राहिलात तरी भारतातलं बहुतेक सीग्रासचं काम नजरेत येतं. चेन्नईकडं जायला नागपूर-बल्लारशाहवरून थेट गाड्या आहेत, पुढं मंडपम अन् रामेश्वरम. तमिळची शंभर-दोनशे वाक्यं शिकून जा, मासेमाराशी बोलता आलं नाही तर अर्धी माहिती हातची जाते.

पोहणं आत्ताच शिका, गावच्या विहिरीत शिका पण शिका. स्कूबाची घाई नको, ते महाग आहे अन् आपल्याकडची पुष्कळ कुरणं इतकी उथळ आहेत की मास्क अन् स्नॉर्कलवर काम होतं. पुढं प्रकल्पात गरज पडली तर कोर्स करता येतो, मालवणजवळ तारकर्लीला एमटीडीसीचं केंद्र आहेच. भरतीचं वेळापत्रक वाचायला मात्र पहिल्या दिवसापासून लागतं. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त चढतं तसं जास्त उतरतंही, काठालगतचं कुरण तेव्हा उघडं पडतं अन् काम करायला दोन-तीन तास मिळतात, अष्टमीच्या भांगाला तेवढं मिळत नाही. मरीन नॅशनल पार्कमध्ये वनखात्याच्या परवानगीशिवाय एक पानही उपटायचं नाही, अन् ती परवानगी यायला महिने लागतात, म्हणून अर्ज फील्डच्या खूप आधी टाका.

पैशाचं घरी काय सांगायचं हा खरा प्रश्न. बाबा धान विकून फी भरत असतील तर "पाच वर्षं पीएचडी" हे शब्द जड जातात हे मला माहीत आहे. तेव्हा आकडा सांगा. नेट काढून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिन्याला 37,000, दोन वर्षांनी एसआरएफ ह्या वरच्या टप्प्याला 42,000, वर घरभाडं. लाइफ सायन्सेसचा पेपर वर्षातून दोनदा असतो, एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षापासून द्यायला लागा, आता पीएचडी प्रवेशालाही नेटचे मार्क चालतात. जेआरएफ नाही झालं तरी बार्टी, सारथी, महाज्योती ह्या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएचडी फेलोशिप आहेत, आदिवासी मुलांसाठी केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप आहे. कांदळवन प्रतिष्ठानची सागरी विषयात परदेशी शिकायला शिष्यवृत्तीची योजना आहे, तिची जाहिरात तपासत राहा. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला हे सगळं एका फायलीत तयार ठेवा, कित्येकांची संधी तहसीलच्या चकरांमध्ये गेलेली आहे. फेलोशिपचा हप्ता कधीकधी महिनोन्‌महिने लांबतो, म्हणून थोडे पैसे बाजूला हवेतच.

अन् नोकरीचं खरं सांगते, सीग्रासवरच्या कायमच्या जागा फार कमी निघतात. पीएचडीनंतर पोस्टडॉक म्हणजे तात्पुरत्या मुदतीचं संशोधन, मग कुठं शास्त्रज्ञाची नाहीतर विद्यापीठातली जागा, अन् त्यात चार-पाच वर्षं सहज जातात. म्हणून पीएचडी करतानाच लाइफ सायन्सेसमधून सेट-नेट हातात ठेवा म्हणजे महाराष्ट्रात असिस्टंट प्रोफेसरसाठी पात्र राहता, अन् उपग्रहाच्या चित्रांवरून कुरणाचा नकाशा काढणं शिकून घ्या, ते कसब वनखात्याच्या कांदळवन कक्षापासून पर्यावरण सल्लागार कंपन्यांपर्यंत सगळीकडं चालतं.

गाइड निवडताना विद्यापीठाच्या नावापेक्षा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करा. किती वर्षात पीएचडी संपली, फील्डचा खर्च कोणी केला, पेपरवर पहिलं नाव कोणाचं लागतं, पोरगी असाल तर बोटीवर अन् मुक्कामाला सोय कशी असते, हे चार प्रश्न विचारा, अन् उत्तर द्यायला कोणी टाळाटाळ केली तर दुसऱ्या लॅबचा पत्ता बघा.