दिसायला तिरकी, बसायला सरळ: पॉलिमर क्ले आणि तारेची माळ कशी करावी

असिमेट्रिकल, दोन बाजू सारख्या नसलेला, दागिना म्हणजे "मनाला येईल ते ओवा, यात काही चुकतच नाही" असं सांगणाऱ्या व्हिडिओंना मी आता लांबूनच हात जोडते. चुकतं. फक्त ती चूक टेबलावर दिसत नाही, गळ्यात घातल्यावर पंधरा मिनिटांनी दिसते. हौसेने डाव्या बाजूला ठेवलेला मोठा मणी सरकत सरकत बरोबर मधोमध येऊन बसतो आणि मानेमागचा हूक डाव्या खांद्यावरून पुढे डोकावायला लागतो. ज्यांचं मंगळसूत्र रोज असं फिरतं त्यांना वेगळं सांगायला नको.

माझ्या मावसबहिणीच्या लग्नातल्या सगळ्या फोटोंत माझ्या गळपट्टीच्या हाडावर एक चकचकीत हूक आहे. त्या माळेवर मी चार संध्याकाळी घालवल्या होत्या. म्हणून या लेखात मणी वळण्यापेक्षा वजनाबद्दल जास्त लिहिणार आहे. मणी कसेही वळले तरी गोलच होतात.

सामान

पॉलिमर क्ले ही माती नव्हे. ते पीव्हीसी आणि त्याला मऊ ठेवणारं द्रव्य यांचं मिश्रण आहे, आणि ते भाजल्याशिवाय पक्कं होत नाही. दुकानात हवेवर वाळणारी क्ले तशाच रंगीत पाकिटात मिळते, तेव्हा पाकिटावर भाजण्याचं तापमान छापलेलं आहे ना, ते आधी बघा. ५६-५७ ग्रॅमची एक वडी या माळेला पुरते.

तार ०.८ मिमी जाडीची घ्या, आणि घेताना मिमीतच मागा. "वीस नंबर" म्हटलं की एका मोजणीत ०.८१ मिमी मिळते आणि दुसऱ्या मोजणीत ०.९१, आणि दुकानदार दोन्हीला वीस नंबरच म्हणतो. नंबर वाढला की तार बारीक होते, हेही पहिल्यांदा सगळेच उलटं समजतात. सरावासाठी मोटर रिवाइंडिंगवाल्याकडची तांब्याची वाइंडिंग वायर उत्तम. वजनावर मिळते, मऊ असते, वाया गेली तरी जीव हळहळत नाही. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते, निकेल असतं. निकेलने खाज सुटणाऱ्यांनी तिकडे वळू नये.

बाकी गोल टोकाची पक्कड, चपटी पक्कड, कटर, ओवायला गिअर वायर (प्लास्टिकचं आवरण असलेली बारीक पोलादी दोरी), तिची टोकं बंद करायला क्रिम्प (पकडीने दाबून बसवायचा बारीक धातूचा मणी). पुण्यात असाल तर बोहरी आळीत एका फेरीत सगळं होतं. इलॅस्टिक घेऊ नका, कोणी फुकट दिलं तरी.

मणी

क्ले हातात मळून मऊ करा. पाच मणी करा: एक मोठा, सुमारे २४ मिमीचा, आणि चार उतरत्या मापाचे.

मोठा मणी भरीव करू नका. दाभणाभोवती किंवा जाड तारेभोवती स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल घट्ट चुरगाळून त्याची गोळी करा आणि तिच्यावर तीन मिमी जाडीची क्लेची पोळी चढवा. पुरणपोळीचा उंडा भरताना बंद करतो तसं तोंड बंद करा आणि आत हवा ठेवू नका, नाहीतर भाजताना फोड येतो. माझ्या काट्यावर भरीव मणी १३ ग्रॅमच्या आसपास भरतो आणि फॉइलवाला ९. हा चार ग्रॅमचा फरक पुढे कामाला येणार आहे. शिवाय भोक आपोआप तयार होतं.

लहान मण्यांना भोक पाडायचं तर मणी दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, मग दाभण गोल फिरवत अर्ध्यापर्यंत एका बाजूने आणि उरलेलं दुसऱ्या बाजूने. एकाच बाजूने रेटलं की पलीकडे बेंबी फुटते. भोक दीड मिमीचं हवं.

भाजणे

पाकिटावर लिहिलेल्या तापमानाला भाजा. ते बहुतेक ११० ते १३० अंश सेल्सिअसच्या मध्ये असतं. वेळ साधारण दर सहा मिमी जाडीला अर्धा तास. ओटीजीच्या, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनच्या, खटक्यावर विश्वास ठेवू नका. माझा १३० वर लावला की १५० ला पोचतो. आत ठेवायचा थर्मामीटर विकत आणा आणि मणी तारेवर ओवून ट्रेच्या काठांवर टांगा. वरून फॉइलचं छप्पर घातलं की रंग करपत नाही.

तव्यावर, हेअर ड्रायरने, उकळत्या पाण्यात हे तिन्ही सल्ले मी वाचलेत. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, म्हणजे मणी वरून कडक दिसतो आणि दोन महिन्यांनी भोकापाशी चुरा होतो. तव्यावर उलट. एका बाजूला जळतो, आणि पीव्हीसी जळलं की नाकाडोळ्यांत झोंबणारा हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो. तसं झालंच तर ओव्हन बंद करा, खिडक्या उघडा आणि खोलीबाहेर जा. साध्या मायक्रोवेव्हवर तर बोलायलाच नको. त्याचा कन्व्हेक्शन मोड मात्र चालतो.

सोबत एक पातळ पट्टी भाजा. गार झाल्यावर ती वाकायला हवी. कटकन मोडली तर मणी कच्चे आहेत, पुन्हा भाजा. पुन्हा भाजल्याने काही बिघडत नाही.

मग पाण्याखाली ४००, ६००, १००० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि जुन्या जीन्सच्या तुकड्याने चमकवा. नेलपॉलिशचा हात देऊ नका. आज काचेसारखं दिसतं आणि पावसाळ्यात चिकट होऊन साडीचे धागे धरून ठेवतं.

तोल, म्हणजे खरं काम

इथे मी दोन वर्षं अडकले होते.

सुरुवातीला मी सगळी मांडणी डोळ्यांनी करायचे. ताटात कापड अंथरून मणी लावायचे, डावीकडे मोठे, उजवीकडे बारीक, छान दिसायचं, ओवायचे, दोन्ही टोकं समान लांबीवर कापून हूक लावायचे. आणि माळ फिरायची. मग वाटलं हूक जड आहे, हलका आणला. मग वाटलं लांबी जास्त आहे, कमी केली. तेव्हा ती जास्त वर बसून फिरायला लागली. कुणीतरी सांगितलं, मागे डबलसाइड टेप लाव. लावली. उकाड्यात मानेला पुरळ आलं.

गोष्ट साधी आहे आणि ती मला कुणी सांगितली नव्हती: डोळ्याला आकार दिसतो, मानेला वजन कळतं. माळ म्हणजे मानेवरून टाकलेला दोर. ज्या बाजूला वजन जास्त, ती बाजू खाली उतरणार आणि मागचा हूक आपल्याकडे ओढणार. म्हणजे माळ दिसायला कितीही विषम ठेवा, पण दोन बाजूंचं वजन जवळपास समान पाहिजे. एकीकडे मोठं आणि हलकं, दुसरीकडे छोटं आणि जड. हे एकदा कळलं की बाकी सगळं हिशेबाचं काम उरतं.

जड काय? पितळ. भरीव ८ मिमीचा पितळी मणी दोन ग्रॅम भरतो, तेवढ्याच आकाराच्या क्लेच्या मण्याच्या चौपटीहून जास्त. म्हणजे असे चार चिमुकले पितळी मणी उजवीकडे ओवले की डावीकडच्या त्या मोठ्या फॉइलवाल्या मण्याला जवळजवळ तोलून धरतात. बघणाऱ्याला मात्र उजवी बाजू रिकामी वाटते. आपल्याला हवी असलेली तिरकस गंमत तीच. घेताना पितळी मणी तळहातावर उडवून बघा, पोकळ असेल तर लगेच कळतो. बाजारात पोकळच जास्त असतात, तोलायला ते कुचकामी. पितळ नको असेल तर दगडाचे मणी घ्या, ते क्लेपेक्षा जड पण पितळेपेक्षा बरेच हलके, त्यामुळे जास्त लागतील. काच त्याहून थोडी मागे.

तोल बघायला मी लाटणं वापरते. मुठी हातात स्थिर राहतात आणि मधला भाग गरगर फिरतो, त्या प्रकारचं. सगळे मणी तात्पुरत्या रिळाच्या दोऱ्यात ओवा, गाठ मारा, जिथे हूक हवा असं वाटतं ती जागा लाटण्याच्या माथ्यावर ठेवून माळ टांगा आणि मुठी आडव्या धरा. जड बाजूकडे लाटणं फिरतं. पितळेचा एक मणी इकडचा तिकडे करा, एक कमी करा, क्लेचा एक बारीक मणी बदला, असं लाटणं शांत होईपर्यंत. छोटा डिजिटल काटा असेल तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या तोला. दोन ग्रॅमपर्यंतचा फरक माझ्या अनुभवात खपतो, त्यापुढे नाही.

पण लाटणं म्हणजे मान नव्हे, आणि ही दुसरी अर्धी गोष्ट मी अपघाताने शिकले. एका कार्यक्रमाला निघताना माळेचा हूक तुटला. रिक्षा खाली उभी. मी दोन्ही टोकं दोऱ्याने एकमेकांना बांधली, गाठ कुठे येते ते न बघता माळ डोक्यातून घातली आणि निघाले. संध्याकाळभर माळ हलली नाही. घरी येऊन आरशात पाहिलं तर गाठ डाव्या कानाखाली होती आणि मानेच्या मध्यावर होता एक क्लेचा मणी. माळेने आपली जागा आपण शोधली होती. चूक एवढीच होती की हूक कुठे येणार हे मी माळेला न विचारता ठरवत होते.

तेव्हापासून हूक मी सगळ्यात शेवटी ठरवते. लाटण्यावर ढोबळ तोल साधला की तात्पुरत्या गाठीची माळ डोक्यातून घालायची (४५ सेंटीमीटरची डोक्यातून जात नाही, म्हणून या चाचणीसाठी दोरा सैल ठेवून ६० पर्यंत जाऊ द्या) आणि घरात वावरायचं. जिना चढा-उतरा, वाकून काहीतरी उचला, भांडी घासा. अर्ध्या तासाने, माळेला हात न लावता, दुसऱ्या कुणाला तरी मानेच्या मध्यावर जिथे दोरा आहे तिथे रंगीत धागा बांधायला सांगा. हूक तिथे. मणी एका बाजूला थोडे आणि दुसऱ्या बाजूला दुप्पट आले तर येऊ द्या. समान करायचा मोह होतो, मला अजून होतो.

मोठा मणी माळेच्या पुढच्या मध्यापासून तीन-चार बोटांच्या आत ठेवा. त्याहून वर, गळपट्टीच्या हाडाजवळ हवा असेल तर दोऱ्यावर भिस्त ठेवू नका. तिथे तारेचा ताठ तुकडा लागतो. सव्वा मिमीच्या पितळी तारेला गळ्याच्या आकाराचा बाक द्या, मग लाकडी किंवा नायलॉनच्या हातोडीने फरशीवर ठोका. ठोकल्याने तार ताठ होते आणि बाक सोडत नाही. जुनी सरी गळ्यात फिरत नाही ती तिच्या ताठपणामुळे, हे तेच.

आणि विषम दागिना म्हणजे बाहेरून आलेली फॅशन असं कुणी म्हणालं तर त्यांना नथ दाखवा. एकाच नाकपुडीत असते.

जोडणी

मोठा मणी एका कडीवर लोंबकळत ठेवू नका, तो उलटा होतो आणि मागची बाजू दाखवतो. भोकातून तार काढून दोन्ही टोकांना फास करा. फास गुंडाळलेलाच हवा. मण्यालगत तार काटकोनात वाकवा, गोल पकडीवर वेढा घ्या, उरलेलं टोक फासाच्या बुडाभोवती दोन-अडीच वेढे गुंडाळा, कापा, आणि कापलेलं टोक चपट्या पकडीने दाबून बसवा. बोट फिरवून बघा. टोचलं तर साडीही अडकणार. नुसता वळवलेला उघडा फास हलक्या कानातल्यांना ठीक आहे, माळेला नाही.

आता सगळं गिअर वायरवर त्याच क्रमाने ओवा. ६० सेंटीमीटरचा सैल दोरा आता हव्या त्या लांबीवर आणायचा, तो दोन्ही बाजूंनी सारखाच कमी करून, रंगीत धाग्याची जागा मध्य धरून. क्रिम्प दाबण्याआधी लाटण्यावर एकदा टांगून घ्या, आणि मगच दाबा. क्रिम्प दाबला की मागे फिरता येत नाही, कापूनच काढावा लागतो.

लांबी कमीजास्त करायची साखळी हवी असेल तर ती चाचणीच्या आधीच लावा. नंतर लटकवलेली साखळी सगळा तोल बिघडवते. हेच सूत्र कानातल्यांना: दोन्ही कानात वेगळे आकार चालतील, पण वजनात एका ग्रॅमहून जास्त फरक झाला की एक पाळी ओघळते.

शेवटची चाचणी ज्या कपड्यावर माळ घालणार त्यावरच करा. सुती कुर्त्यावर घट्ट बसलेली माझी एक माळ रेशमी ब्लाउजवर पहिल्या पाच मिनिटांत घसरली होती. तिला उजवीकडे अजून एक पितळी मणी लागला.