शिराझ म्हणजे काळी थॉमसन नव्हे: वाइनच्या बागेत या चुका टाळा

जानेवारी संपत आला की माझा फोन वाजायला लागतो. पलीकडचं वाक्य ठरलेलं. "अण्णा, शिराझचे मणी सुकायला लागलेत. पाणी सोडू का?" मी नको म्हणतो. निम्मे लोक तरीही सोडतात. मग फेब्रुवारीत त्यांचाच दुसरा फोन येतो, तेव्हा आवाज जरा खाली आलेला असतो.

दोष सवयीचा आहे. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, नाशिकच्या आजूबाजूला वाइनऱ्या वाढल्या, आणि आमच्यासारखे थॉमसन, सोनाका, शरद सीडलेस ही खायची द्राक्षं पिकवणारे वाइनच्या द्राक्षाकडे वळले. जात बदलली, हात तेच राहिले. खायच्या द्राक्षात मणी फुगवायचा, लांबवायचा, घड भरवायचा. डोक्यात सतत वजनकाटा. शिराझ या वाइनच्या काळ्या द्राक्षात हाच काटा बाग बिघडवतो. माझीही एकदा बिघडवलीय, म्हणून हक्काने बोलतोय.

सुकलेला मणी बघून सोडलेलं पाणी

मणी मऊ पडून सुरकुतणं हा रोग नाही, शिराझची ती खोड आहे. फुलोऱ्यानंतर साधारण ९० दिवसांनी मण्याचं वजन जास्तीत जास्त होतं. त्यानंतर वेलीकडून मण्यात येणारा साखरेचा रस जवळजवळ थांबतो. मण्यातलं पाणी मात्र सालीवाटे उडत राहतं, थोडं वेलीत परतही जातं. शेजारच्या ओळीतलं कॅबरने सोव्हिन्यो, म्हणजे वाइनचीच दुसरी जात, तेव्हा टणक असतं, त्यामुळे शिराझकडे बघून माणूस घाबरतो.

मी घाबरलो ते पहिल्याच पिकाला. दिंडोरीकडच्या माझ्या दीड एकरात गोडी २४ ब्रिक्सला (रसात शेकडा साधारण २४ भाग साखर) आली होती आणि तोडणीची तारीख पाच दिवसांवर होती. घड हातात घेतला तर हलका. मनात हिशेब सुरू झाला, एकरी किती किलो उडालं, किती पैसे गेले. त्या आठवड्यात रात्रीची लाइट होती. दोन रात्री ठिबक चालवलं, त्याने समाधान होईना म्हणून पाटानेही पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी मणी टुमटुमीत. घरात मोठ्या तोऱ्यात सांगितलं, वजन परत आलं. चौथ्या दिवशी घडाच्या आत, जिथे दाटी असते तिथले मणी तडकले. पाचव्या दिवशी बागेत शिरलो तर आंबूस वास आणि चिलटांचा ढग.

गाडी वाइनरीच्या गेटवर गेली. काटा करायच्या आधीच त्यांनी चार क्रेट उपसून बघितले आणि गाडी बाजूला लावायला सांगितली. गोडी निघाली साडेबावीस. संध्याकाळपर्यंत सहा बाया फुटके मणी निवडत बसल्या, त्यांची मजुरी माझ्याच डोक्यावर. एक टनाच्या आसपास माल फेकला, उरलेला खालच्या दरात गेला. वाद घालायला तोंड नव्हतं, आणि दुसरीकडे न्यायची सोयही नव्हती. बी असलेलं, जाड सालीचं, इवलंसं द्राक्ष मार्केटला कोण घेणार? बेदाण्यालाही ते चालत नाही. माल उतरवून घेणारा पोरगा शांतपणे म्हणाला, "दादा, पाणी आमच्याकडे नळाला येतं."

तेव्हापासून माझी एक सवय आहे. फुलोरा निम्म्यावर आला की त्या ओळीच्या खांबावर खडूने तारीख लिहितो. ८० दिवस झाले की दर तिसऱ्या दिवशी १०० मणी मोजून वजन करतो. त्याला महागडं काही लागत नाही, ग्रॅम दाखवणारा घरातला छोटा काटा पुरे. मग वजन आणि गोडी एकत्र बघतो. समजा १०० मण्यांचं वजन १४० ग्रॅम आणि गोडी २२, म्हणजे साखर अंदाजे ३०.८ ग्रॅम. चार दिवसांनी वजन १२८ आणि गोडी २४ झाली, तर साखर ३०.७. गोडी दोनने वाढली म्हणून आपण खूश, पण वेलीने नवीन काहीच दिलेलं नाही, नुसतं पाणी उडालंय. हा आकडा दोनदा तिथेच थांबला की मी मणी चावून बघतो, बी तपकिरी आणि कुरकुरीत आहे ना, आणि वाइनरीला फोन करून आठवड्याच्या आत तोडणी मागतो. जे वजन उडालं ते उडालं.

याच्या उलटी चूकही बघतो. कुणीतरी सांगितलेलं असतं, वाइनच्या द्राक्षाला ताण द्यायचा. म्हणून मण्यात पाणी उतरायला लागलं, म्हणजे मणी मऊ पडून रंग धरायला लागला, की हे लोक ठिबकच बंद करतात. तीन आठवड्यांत बुडाची पानं पिवळी पडून गळतात. पानंच नाहीत तर साखर बनवणार कोण? कमी पाणी म्हणजे शून्य पाणी नव्हे. मी सकाळी खुरप्याने वीतभर माती उकरून मुठीत दाबून बघतो आणि शेंड्याची बाळी, म्हणजे वेल ज्याने तारेला धरतो तो तंतू, बघतो. बाळी वाळून गळत असेल तर थोडं पाणी देतो. शेंडा जोरात पळत असेल तर हात आवरतो.

"इराणची जात आहे, उन्हाला सोसते"

हे वाक्य मी नर्सरीत ऐकलंय, चर्चासत्राच्या चहाच्या रांगेत ऐकलंय. शिराझ नावाचं शहर इराणमध्ये आहे हे खरं. एक धर्मयोद्धा तिकडून वेल घेऊन फ्रान्सच्या हर्मिटाज टेकडीवर आला, अशी गोष्टही रंगवून सांगतात. पण १९९८ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात कॅरोल मेरेडिथ यांनी फ्रेंच संशोधकांबरोबर डीएनए तपासून या वेलीचे आईबाप शोधले. दुरेझा आणि मोंदूज ब्लांश. पहिली फ्रान्सच्या आर्देशमधली काळी जात, दुसरी आल्प्सच्या पायथ्याच्या साव्हातली पांढरी. म्हणजे ही पोरगी ऱ्होन नदीच्या खोऱ्याच्या आसपासची. तिकडे तिला सिरा म्हणतात. १८३२ मध्ये जेम्स बस्बीने युरोपातून नेलेल्या काड्यांतून ती ऑस्ट्रेलियात रुजली आणि तिथे शिराझ झाली. आपल्याकडे तेच नाव चालतं.

गोष्ट खोटी असली तर बिघडलं काय, असं कुणी म्हणेल. बिघडतं ते असं, की "वाळवंटातली आहे" म्हणून लोक घडांवरची सगळी पानं सोलून काढतात. थॉमसनमध्येही हवा खेळावी, भुरीची पांढरी बुरशी येऊ नये म्हणून आपण पानं काढतो, ती सवय असतेच. मग पश्चिमेकडच्या घडांवर दुपारचं ऊन थेट बसतं आणि मणी भाजतात. या जातीला मिऱ्यासारखा जो वास येतो तो रोटुंडोन नावाच्या द्रव्याचा, खऱ्या काळ्या मिरीतही तेच असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये ते ओळखलं. ते सालीत असतं आणि थंड जागी, सावलीतल्या घडांत जास्त टिकतं. नाशिकची जानेवारीतली थंड रात्र आपल्याला फुकट मिळालीय, दुपारी ती कमाई जाळू नका. उत्तर-दक्षिण ओळ असेल तर मी फक्त पूर्वेकडची पानं विरळ करतो, पश्चिमेला हात लावत नाही.

आणि हो, पेटिट सिरा म्हणजे "लहान शिराझ" नव्हे. ती दुरिफ नावाची वेगळी जात, शिराझची लेक. कलमाची काडी मागताना नाव नीट सांगा.

खिशातला रिफ्रॅक्टोमीटर

रसाची गोडी मोजणारं हे छोटं यंत्र म्हणजे नव्याने वाइनच्या द्राक्षात उतरलेल्यांचा आवडता दागिना. शहरातली नोकरी सोडून आलेले तर बागेत शिरताक्षणी तो डोळ्याला लावतात. भाच्याने मागच्या हंगामात मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, गोडी साडेचोवीस, "मामा, उद्या तोडू?" मी विचारलं, मणी कुठला घेतलास? रस्त्याकडच्या पहिल्या ओळीतला, घडाच्या खांद्यावरचा, उन्हातला, सगळ्यात काळा. अरे, तो वर्गातला पहिल्या नंबरचा पोरगा झाला, त्याच्यावरून शाळेचा निकाल लावतोस? मी जाऊन नीट नमुना काढला तर गोडी बावीसच्याही खाली.

माझी पद्धत कंटाळवाणी आहे. कडेच्या ओळी आणि ओळीची टोकं सोडायची. किमान १०० मणी, दोन्ही बाजूंचे, घडाच्या खांद्याचे, मधले आणि शेपटीचे, न बघता तोडायचे. बघून तोडलं की हात आपोआप चांगल्या मण्याकडे जातो. सगळे पिशवीत कुस्करायचे आणि त्या एकत्र रसाचा थेंब काचेवर घ्यायचा. वेळ नेहमी सकाळची. मोटरसायकलच्या टाकीवर तापलेलं यंत्र खरं बोलत नाही, आणि आधी शुद्ध पाण्याने शून्य लावलं नाही तर गार यंत्रही खोटं बोलेल. एवढ्याला अर्धा तास लागतो. अर्धा तास ज्याला नाही त्याने शेवगा लावावा.

गोडीसाठी पोटॅश आणि मण्यासाठी जीए

खायच्या द्राक्षात शेवटी ०:०:५० हे पोटॅशचं, म्हणजे पालाशचं, खत सोडायची पद्धत आहे. शिराझमध्ये मी देठ परीक्षणाचा (पानाच्या देठातली अन्नद्रव्यं तपासल्याचा) कागद हातात असल्याशिवाय पालाश देत नाही. मण्यात पालाश जास्त गेलं की रसातलं आम्ल मारलं जातं, पीएच चढतो (तो जितका वर, तितकं आंबटपण कमी), वाइनचा रंग निस्तेज होतो आणि ती लवकर बिघडते. वाइनरीवाले गोडीबरोबर पीएचही मोजतात. साडेतीनच्या बऱ्याच वर गेला की त्यांच्या कपाळावर आठ्या दिसतात.

जीए, म्हणजे मणी फुगवणारं जिबरेलिक अ‍ॅसिड, त्याबद्दल बोलायचीही इच्छा नाही. रंग, वास, तुरटपणा सालीत असतो. मणी लहान तेवढी रसाच्या मानाने साल जास्त. तो फुगवायला औषध आणणारा माणूस पैसे देऊन स्वतःचा माल पातळ करतो.

घडांचंही तसंच. थॉमसनमध्ये एकरी दहा-बारा टन काढणाऱ्याला शिराझचे चार टन ऐकून पोटात गोळा येतो. मी साडेचारवर थांबतो. जास्तीचे घड मण्यात पाणी उतरायच्या आधी खाली टाकतो, आणि त्या दिवशी वडिलांना बागेत येऊ देत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

शिराझची कोवळी फूट बुडातून पटकन मोडते. ऱ्होन खोऱ्यात मिस्ट्राल नावाच्या जोरदार थंड वाऱ्यामुळे वेल खुंट्यांना बांधून वाढवतात ते उगाच नाही. फूट हातभर होण्याआधी तारेत घ्या, वाकवून ओढू नका.

भारी काळ्या जमिनीत डॉगरिज या जोमदार खुंटावर (कलमाखालच्या मुळाच्या जातीवर) शिराझ म्हणजे पानांचं जंगल. मी ११०-आर खुंट घेतो.

क्रेट गच्च भरू नका, खालचे मणी वाइनरीच्या आधीच चेचतात. तोडणी ऊन चढायच्या आत संपवा.

पानं लाल, शिरा हिरव्या आणि कडा खाली वळलेल्या असा वेल दिसला की लोक त्याच्यासमोर फोटो काढतात. तो लीफरोल विषाणू असू शकतो. त्या वेलाची गोडी मागे राहते, आणि मिलीबग (पिठ्या ढेकूण) तो विषाणू शेजारच्या वेलांवर नेतो. अशा वेलाला मी रिबीन बांधून ठेवतो, त्याची काडी कलमाला कुणालाही देत नाही, आणि आधी मिलीबगच्या मागे लागतो.

आणि कलम केल्यानंतरच्या पहिल्या बहाराला घड धरू नका. खोड अंगठ्याएवढंही नसताना वर आठ-दहा घड लटकवलेले मी दरवर्षी बघतो. हप्ते सुरू झालेले असतात, घरचे विचारत असतात, सगळं समजतं. पण अशा बागेत ओलांडे (तारेवरचे आडवे फाटे) नीट भरत नाहीत, पुढच्या छाटणीला अर्ध्या काड्या पेन्सिलीपेक्षाही बारीक निघतात. मग मला विचारतात, डोळे का फुटले नाहीत.