पोरांचे जंत: या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपवर बसून मला बरीच वर्षं झाली. अजूनही आठवड्याला एक तरी आई डबी पुढं करते, "ताई, पोरगं रातभर ढुंगण खाजवतंय, जंत बघा की." डबीत संडासचा नमुना. चूक इथंच सुरू होते.

रात्री खाज आणणारा हा सुतासारखा पांढरा जंत, म्हणजे पिनवर्म, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला राहतो. पोर झोपलं की मादी गुदद्वारातून बाहेर येऊन तिथल्या कातडीवर 10,000 च्या आसपास अंडी चिकटवते. मग ती संडासात सापडणार कशी?

बावड्यातल्या एका एकत्र कुटुंबातली सहा वर्षांची पोरगी. तीन वेळा तपासणी, तिन्ही रिपोर्ट साफ. आज्जींनी गूळ बंद केलेला, काकवीसुद्धा. मी आईला काचपट्टी आणि पारदर्शक सेलोटेप दिला. सकाळी उठल्याउठल्या, शी-आंघोळीच्या आधी चिकट बाजू गुदद्वाराभोवती दाबायची आणि तीच काचेवर चिकटवायची. पहिल्याच पट्टीवर अंडी दिसली, एका बाजूनं चपटी, काहींच्या आत वळलेली अळी. पहिल्या दिवशी काही दिसलं नाही तरी सलग तीन सकाळी करा. एका पट्टीवर "काही नाही" म्हणून सुटणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

गुळानं जंत होत नाहीत. अंडं तोंडात गेलं तरच होतात, आणि ते जातं नखांतून, चड्डीवरून, चादरीवरून. घातल्यापासून 4 ते 6 तासांत अंडं लागण करण्याजोगं होतं आणि कपड्यांवर 2-3 आठवडे टिकतं.

पोरीला अल्बेंडाझोल ही जंताची गोळी दिली, खाज थांबली, घरचे निर्धास्त. दीड महिन्यात पोरगी परत हजर! गोळी एकटीलाच, तीही एकदाच. शेजारी झोपणारा चुलतभाऊ तसाच राहिलेला. गोळीनं जंत मरतात, अंड्यांचा भरवसा नाही. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरा डोस, आणि दोन्ही डोस सगळ्या घराला. डोस डॉक्टरांनीच ठरवायचा, गरोदर बाईनं तर विचारल्याशिवाय गोळी घ्यायचीच नाही. मी पहिल्या गोळीच्या दिवशीच कॅलेंडरवर दुसऱ्या तारखेला गोल करायला लावते.

शाळेत 10 फेब्रुवारीला, राष्ट्रीय जंतनाशक दिनी, मिळणारी गोळी जरूर घ्या, पण या जंताला ती एकटी पुरत नाही.

कुत्र्या-मांजराला दोष देऊ नका, हा जंत माणसाचाच.

नखं बारीक ठेवा, सकाळी उठल्यावर आंघोळ घाला.

चादरी झटकू नका, अंडी खोलीभर उडतात. अलगद गुंडाळा आणि कढत पाण्यात टाका.