व्हर्च्युअल मेमरीला हात लावावा का? माझा अनुभव

मोठी एक्सेल फाइल आणि ब्राउझरचे वीसेक टॅब एकदम उघडले, की माझ्या विंडोज लॅपटॉपवर मेमरी कमी असल्याचा इशारा यायचा आणि ब्राउझर बंद पडायचा. रॅम ८ जीबी, आणि टास्क मॅनेजर तर त्यातली दीडेक जीबी मोकळी दाखवत होता!

त्याच मेमरीच्या पानावर जरा खाली 'कमिटेड' म्हणून आकडा असतो, तो मी कधी नीट पाहिलाच नव्हता. तिथे ९.६/९.९ जीबी होतं. डावीकडे प्रोग्रॅमना कबूल केलेली मेमरी, उजवीकडे रॅम आणि पेजफाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल; सेटिंगमध्ये ती 'व्हर्च्युअल मेमरी' या नावाखाली येते) मिळून होणारी मर्यादा. ही मर्यादा भरली, की रॅम मोकळी असूनही नवी मागणी नाकारली जाते. पेजफाइल मी फार पूर्वी एक सल्ला वाचून २०४८ एमबीवर बांधून ठेवली होती.

अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज, परफॉर्मन्सच्या सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड टॅब, व्हर्च्युअल मेमरीखाली 'चेंज'. तिथे सर्वांत वरच्या 'ऑटोमॅटिकली मॅनेज' चौकटीत टिक केली आणि रीस्टार्ट केलं. सी ड्राइव्हवर आधी थोडी जागाही मोकळी केली, कारण पेजफाइल वाढणार ती तिथेच. तेव्हापासून इशारा आलेला नाही.

मशीन नुसतं हळू चालत असेल, तर मात्र हा उपाय नव्हे. डिस्क कधीच रॅमइतकी वेगवान नसते; तिथे रॅमच वाढवावी लागते. आणि 'कमिटेड'चे दोन आकडे एकमेकांपासून लांब असतील, तर सेटिंग आहे तशीच राहू द्या.