आईच्या म्हातारपणाची सोय कागदोपत्री कशी करावी

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत छाटणीपासून खुड्यापर्यंत राबलेली बाई असो, की सातपूरच्या कामगाराचे घर चालवणारी त्याची पत्नी, साठीनंतर दोघींच्या हाती येणारा पैसा बहुधा नवऱ्याच्या नावावरून येतो. कारण त्यांच्या कामाला ना पगारपत्रक असते ना भविष्य निर्वाह निधीचे खाते. म्हणून पुढील कामे शक्यतो पती-पत्नी दोघेही हयात असतानाच उरकावीत.

पहिले काम सातबाऱ्याचे. उतारा काढून आईचे नाव भोगवटादाराच्या, म्हणजे जमीनधारकाच्या, रकान्यात आहे, ‘इतर हक्कां’त ढकलले आहे, की मुळातच नाही, हे पाहावे. जुन्या उताऱ्यांवर सासऱ्यांनंतर एकट्या थोरल्या दिराचे नाव ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणून लागलेले आढळते; अशी नोंद कमी करून सर्व वारसांची नावे लावण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. पती हयात असेल तर लक्ष्मीमुक्ती योजनेखाली पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावून घ्यावे. पतीचे निधन झाले असल्यास मृत्यूचा दाखला जोडून तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्यावा आणि त्यात मुलींसह सर्व वारस लिहिले आहेत याची खात्री करावी. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ नुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाच्या मिळकतीत विधवा, आई, मुलगे आणि मुली यांना समान वाटा असतो. फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरील नावाच्या बदलाची नोंद, ही मालकी नव्हे हे खरे. पण पीककर्ज आणि भूसंपादनाचा मोबदला देताना आधी पाहिला जातो तो सातबाराच.

खरा घात होतो तो हक्कसोडपत्राने, म्हणजे मिळकतीतील आपला वाटा सोडून देणाऱ्या दस्ताने. ‘शेवटी पोरांचेच आहे’ म्हणून आई अंगठा देते आणि माहेर तुटू नये म्हणून बहिणी सह्या करतात. नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागे घेणे अतिशय कठीण असते, त्यामुळे माझ्या मते आईने ते करूच नये. करायचेच ठरले, तर मुलाने आईचा सांभाळ व औषधोपचार करावा ही अट दस्तातच स्पष्ट लिहावी. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ नुसार, ही अट न पाळल्यास प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून दस्त रद्द करून घेता येतो. तोंडी आश्वासनावर मात्र हा दावा लंगडा पडतो.

कारखान्यातील कामगाराच्या घरी पेन्शनचे कागद तपासावेत. ईपीएस-९५ मध्ये, म्हणजे १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत, पतीपश्चात विधवेला साधारणपणे त्याच्या पेन्शनच्या निम्मी रक्कम मिळते आणि ती किमान १,००० रुपये असते. पेन्शनच्या आदेशावर ‘सुमन’, आधारवर ‘सुमनबाई’ आणि बँकेत माहेरचे आडनाव, एवढ्या फरकानेही प्रकरण अडून राहते, म्हणून ही दुरुस्ती आधीच करावी.

बचतीतील काही भाग तिच्या स्वतंत्र नावावर ठेवावा. साठी पूर्ण झालेल्या व्यक्तीला पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि दर तीन महिन्यांनी व्याज मिळते. मात्र व्याज जमा होणाऱ्या बचत खात्याला मुलाचा मोबाइल क्रमांक जोडलेला असेल आणि एटीएम कार्ड सुनेकडे असेल, तर ते खाते नावालाच तिचे.

ज्यांच्याकडे जमीन नाही आणि पेन्शनही नाही, अशा निराधार विधवांनी संजय गांधी निराधार योजनेसाठी किंवा ६५ वर्षांनंतर श्रावणबाळ योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा; दरमहा १,५०० रुपये मिळतात. उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवावा, कारण बहुतेक फेऱ्या त्यासाठीच होतात.

वाद उभा राहिलाच, तर नाशिकच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिलांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो आणि तालुक्यावरून येण्यासाठी एसटीचे अर्धे तिकीट आहेच. मूळ कागद कोणाच्याही हाती सोडू नयेत. छायाप्रती द्याव्यात आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी.